दाराच्या बाजूची खिडकी

सोलापूरहून बार्शीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत जागा निवडायची संधी मिळालीच, तर दाराच्या बाजूची, म्हणजे डावीकडची खिडकी धरावी, हा निष्कर्ष मी पहिल्या दोन आठवड्यांतच काढला होता. बार्शीची वाट साधारण उत्तरेकडे जाते. हिवाळ्यात सकाळी सातच्या गाडीत सूर्य उजव्या हाताला अगदी खाली असतो, त्यामुळे चालकाच्या बाजूच्या प्रवाशांच्या डोळ्यांवर ऊन येते आणि ते पडदा असेल तर पडदा, नाहीतर टॉवेल लावून झोपी जातात. डावीकडच्या खिडकीतून मात्र पश्चिमेकडची शेते समोरून ऊन पडल्यासारखी उजळलेली दिसतात. संध्याकाळी परतताना दिशा उलटी होते आणि सूर्यही पश्चिमेला गेलेला असतो, म्हणजे तो पुन्हा उजव्याच हाताला येतो. एकाच रस्त्यावर दोन्ही वेळा एकच बाजू चांगली, असा हा दुर्मीळ योग आहे. शिवाय त्या बाजूने समोरून येणारे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत नाहीत. आणखी एक लाभ मला उशिरा कळला. त्या तिरप्या उन्हात आपल्याच बसची लांबच लांब सावली ज्वारीवरून पळत असते आणि नीट पाहिले, तर त्या सावलीत खिडक्यांची भोके आणि त्यांत आपले डोके असलेली सावलीही सापडते.

एका बँकेच्या बार्शी शाखेत माझी बदली झाली, पण मुलांच्या शाळेमुळे घर सोलापुरातच ठेवावे लागले. सुमारे ७० किलोमीटरची वाट, थांबे धरून पावणेदोन तास जायला आणि तेवढेच यायला, असे दोन वर्षे चालले. सुरुवातीला मी या वेळेत पुस्तके वाचत असे. पुढे ती पिशवीतच राहू लागली आणि मी बाहेर पाहू लागलो. नुसते पाहून पोट भरेना, म्हणून जुना कॅमेरा बरोबर घेऊ लागलो आणि तेथून माझ्या फजितीला सुरुवात झाली.

बस ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. कॅमेऱ्याचे शटर एका सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात आपण जवळजवळ २८ सेंटिमीटर सरकलेलो असतो. माणसाचे तोंड एवढे रुंदही नसते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणले, तर हे सरकणे पावणेदोन सेंटिमीटरांच्या आत येते आणि चित्र स्पष्ट होते, पण सकाळी सातच्या उजेडात एवढे वेगवान शटर ठेवायचे म्हणजे चित्रात रवाळपणा येणारच. तो मी चालवून घेतला. बसचे हिसके न चालवून घेण्यासारखे होते. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवले, की इंजिनाची सगळी थरथर हातातून कॅमेऱ्यात उतरते. म्हणून कोपर छातीशी धरून शरीर सैल सोडावे लागते, जणू घोड्यावर बसलो आहोत. हे कळेपर्यंत चार-पाचशे फोटो वाया गेले होते.

त्याहून मोठी अडचण खिडकीची होती. आडव्या गजांमधून भिंग बाहेर काढता येते, पण तसे केले की मागच्या बाकावरचे कोणीतरी काळजीने म्हणतेच, "साहेब, हात आत घ्या." थंडीत काच लावावी लागते आणि सरकत्या काचांच्या दोन पदरांमध्ये वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. तिला पुसायला कोणाचा हात पोहोचत नाही आणि मोबाइलचा कॅमेरा नेमका त्या धुळीवरच आपली नजर स्थिर करतो. मागे ज्वारीचे पिवळसर ढग आणि समोर काचेवरचे एका वाळलेल्या थेंबाचे अत्यंत रेखीव वर्तुळ, असे कितीतरी फोटो माझ्याकडे आहेत. मोबाइलची दुसरी खोड अशी, की तो चित्र एकदम टिपत नाही. एकामागून एक ओळ वाचत जातो आणि तेवढ्या वेळात बस पुढे गेलेली असते. त्यामुळे जवळचे विजेचे खांब वाऱ्याने झुकल्यासारखे तिरपे येतात. घरी हे फोटो दाखवले तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने विचारले, की बार्शीकडचे सगळे खांब पडायला आले आहेत का.

मग दोन गोष्टी केल्या. एक, जवळचे सोडून दिले. रस्त्यालगतची बाभूळ तीन मीटरांवर असते आणि शेतातली विहीर दीडशे मीटरांवर, त्यामुळे बाभूळ आपल्या डोळ्यांपुढून विहिरीच्या पन्नास पट वेगाने पळते. बाभळीवर डोळा ठेवणारा प्रवासी दहा मिनिटांत थकून झोपतो. विहिरीवर डोळा ठेवला, तर बाभळी नुसत्या पापणीसारख्या मिटत-उघडत राहतात आणि त्यांच्या फटींमधून शेत सावकाश वळत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे मी कॅमेऱ्याच्या जोडीला एक वही ठेवली. हाताच्या पंजाएवढी, दोऱ्याने शिवलेली, किराणा दुकानातली उधारीची वही. तीत एका दृश्याला फार तर दोन ओळी लिहायच्या आणि तेही दृश्य डोळ्यांआड झाल्यावर लगेच, असा नियम केला. नंतर संध्याकाळी आठवून लिहू लागलो, की मन आपल्या पदरचे काही घातल्याशिवाय राहत नाही.

ती वही आता उघडली, तर अक्षरावरून रस्ता ओळखता येतो. नव्या डांबरावर लिहिलेल्या ओळी सुवाच्य आहेत. खड्ड्यांच्या पट्ट्यात लिहिलेले माझे मलाही लागत नाही. "म्हातारा, सायकल, शेळीचे पिल्लू हँडलच्या" असे एके ठिकाणी आहे आणि पुढे पेनाची रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली आहे. ते पिल्लू हँडलच्या पिशवीत होते की टोपलीत, हे आता कधीच कळणार नाही.

पावसाळ्यातल्या नोंदी थोड्या आहेत आणि त्याचे कारण आमचा मुलूख. कोकणातला किंवा कोल्हापूरकडचा पाहुणा जुलैत आला, तर हिरवेगार काही दिसेल या अपेक्षेने खिडकीत बसतो आणि त्याला मैलोन्‌मैल काळी, उघडी जमीन दिसते. आमचा जिल्हा मूळचा रब्बीचा. बार्शीकडे आता सोयाबीन, उडीद, तूर यांमुळे पावसाळ्यातही बरीच शेते झाकलेली असतात, तरीही भारी जमिनीचे तुकडे पुष्कळ लोक पूर्वीसारखे मोकळे ठेवतात, पावसाचे पाणी त्यांत मुरवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरतात. तोवर तण वाढू नये आणि ओल उडू नये म्हणून कुळवाच्या पाळ्या घालत राहतात. "वडाळ्याच्या पुढे. बैल, कुळव, कुळवावर वजनाला बसवलेली मुलगी. दोन्ही हातांनी दांडी धरून हसत आहे," ही नोंद त्या दिवसांतली. कुळव जमिनीत नीट धरावा म्हणून त्यावर दगड ठेवतात किंवा घरातले एखादे पोर बसवतात. त्या पोरासाठी ती सकाळभराची फेरीच असते. माझ्याकडे तिचा फोटो नाही. असता तर त्यात बैलांचे शेपूट आणि काळी माती आली असती, कारण हसणे सेकंदाच्या कोणत्या भागात घडते, याचा हिशेब मला कधी जमलेला नाही.

नान्नजजवळ गवताळ माळ लागतो. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झाले. तो पक्षी आता इथे दिसेनासाच झाला आहे आणि मी तो बसमधून पाहिल्याची बढाई मारणार नाही. काळवीट मात्र अनेकदा दिसले. कळप रस्त्यापासून लांब, माना वर करून उभा असतो. बसचा आवाज जवळ आला, की एखादे मधूनच उभ्या उभ्या उडी घेते, जणू जमिनीने त्याला वर टाकले. ही उडी टिपण्यासाठी मी निदान तीस वेळा बटण दाबले असेल. प्रत्येक फोटोत काळवीट जमिनीवर आहे, एक तर उडीच्या आधीचे, नाहीतर नंतरचे.

वर्षातला सर्वांत भरगच्च दिवस येळवशीचा. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या जिल्ह्यातल्या त्या बाजूच्या गावांत लोक घरे बंद करून रानात जातात, उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण तिथेच होते. एरवी खिडकीतून गाव भरलेले आणि रान मोकळे दिसते. त्या दिवशी नेमके उलटे असते. गावातून बस जाते तेव्हा ओट्यावर कुत्रेसुद्धा नसते आणि गाव संपले, की दर दोन शेतांआड पंगत बसलेली दिसते. गेल्या येळवशीला मी त्या पावणेदोन तासांत वहीची अकरा पाने भरली. त्यांतले सर्वांत आवडते चित्र एका कोपेबाहेरचे आहे. सगळे जेवत आहेत आणि एक माणूस ताट हातात धरून, उभा राहून, रस्त्याकडे तोंड करून, जाणाऱ्या बसला जेवायला बोलावत आहे. तो खरोखरच बोलावत होता. त्याचा आवाज आला नाही, पण "या, या" म्हणणारा हात आमच्याकडे कोणीही ओळखेल.

वाहन कोणते आहे, यावर काय दिसणार हे बरेचसे ठरते, असे मला वाटते. माझी आजी लग्न होऊन बार्शीकडून आली, ती छोट्या गाडीने. बार्शी लाइट रेल्वे म्हणजे अडीच फुटी रुळांची गाडी. तिचा कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला आणि पुढे ती एकीकडे लातूरला, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेला गेली. आता तिथे सगळीकडे मोठे रूळ आहेत. आजी त्या प्रवासाचे वर्णन करी, तेव्हा त्यात माणसांची तोंडे असत. कुंपणाशी उभ्या असलेल्या बाईच्या कपाळावरचे कुंकू पुसटलेले होते, हे तिला पन्नास वर्षांनी आठवत होते. एसटीतून तोंड दिसत नाही, पण हात, खांदा, वाकण्याची ढब एवढे दिसते. दौंड मार्गावर विद्युतीकरण झाल्यापासून रेल्वेच्या खिडकीत साधारण दोन-दोन सेकंदांनी एक खांब येतो आणि दृश्याचे सारखे तुकडे पाडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतने मी दोनदा आलो. गाडी उत्तम आहे, तक्रारीला जागा नाही. पण त्या बंद, किंचित काळसर काचेतून केमपासून मोहोळपर्यंत मला नुसते रंग दिसले. पिवळा म्हणजे ज्वारी, गडद हिरवा म्हणजे ऊस, निळा म्हणजे डाळिंबावर किंवा शेततळ्यावर घातलेले काहीतरी. वही उघडलीच नाही.

माणसांचे फोटो घ्यावेत की नाही, हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात आला. कडब्याच्या पेंढ्यांचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेला बस जाण्याची वाट पाहत उभी होती. मी कॅमेरा उचलला, तशी तिने भाऱ्याखालून पदर ओढून तोंड फिरवले. बस एवढी जवळून गेली, की तिचा राग मला स्पष्ट दिसला. एसटीतून मला स्पष्ट दिसलेले ते एकमेव तोंड. त्यानंतर मी लांबचेच घेतो, जिथे माणूस म्हणजे नुसती आकृती असते. हा नियम मला नैतिक वाटला, आणि सोयीचाही होता. एका आकृतीने मात्र मला चांगलेच फसवले.

वडाळा आणि वैराग यांच्या दरम्यान रस्ता एका ठिकाणी किंचित वळतो आणि वळणावर दहा-बारा बाभळी आहेत. त्यांच्या पलीकडे, रस्त्यापासून शंभरेक पावलांवर, ज्वारीच्या मधोमध चार मेढींवर उभारलेला माळा होता आणि त्यावर डिसेंबरच्या अखेरीपासून रोज एक बाई दिसू लागली. हिरवे लुगडे, डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल. आमची बस वळणावर आली, की ती उठून उभी राहायची आणि उजवा हात उंच करायची. पहिल्या दिवशी वाटले, कोणाला तरी हाक मारत असेल. चौथ्या दिवशीही तसेच झाले, तेव्हा मी वहीत लिहिले, "माळ्यावरची बाई बसला हात करते." पुढे फोटोही मिळाला, माझ्या सगळ्या उद्योगातला सर्वांत स्वच्छ फोटो, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. पिवळसर कणसांची सपाट जमीन, तिच्यावर तरंगणारा माळा आणि उगवत्या उन्हात वर गेलेला एक हात. शाखेत सगळ्यांना तो आवडला. एकाने मोबाइलच्या पडद्यावर लावला. मी रोज त्या वळणावर खिडकीतून हात हलवू लागलो. शेजारचे प्रवासी आधी चमकले, मग त्यांतले दोघे-तिघे माझ्याबरोबर हलवू लागले. बसचा चालकही तिथे एक लांब हॉर्न देई. एकूण सगळ्या गाडीचा त्या बाईशी घरोबा झाल्यासारखा होता आणि मी मनातल्या मनात तिची कथाही पुरी केली होती. एकटी असणार. मुलगा पुण्याला असणार. दिवसभरात रस्त्यावरून जाणारी बस हीच तिची सोबत असणार.

जानेवारीतल्या एका दुसऱ्या शनिवारी, शाखा बंद असताना, मी मुद्दाम सातच्या गाडीत बसलो आणि अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत गेलो. बसमधून जे पीक मी रोज वरून पाहत होतो, त्याच्यात शिरताच ते माझ्या डोक्यावर गेले. मालदांडी ज्वारीची ताटे, पानांचा खरखरीत आवाज, मधूनमधून चमकणारी एक तपकिरी रेघ. जवळ जाऊन पाहिले, तर ती जुन्या कॅसेटमधली फीत होती, दोन काठ्यांच्या मध्ये ताणून बांधलेली. वारा आला की ती भुंग्यासारखी गुणगुणायची. ही रेघ मला एवढ्या दिवसांत एकदाही खिडकीतून दिसली नव्हती.

"कोण हाय?" वरून आवाज आला.

मी सोलापूरचा, रोज बसने बार्शीला जातो, असे सांगितले. बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांनी मला वर बोलावले नाही, त्याच खाली उतरल्या.

"मग आज हितंच उतरलाव?"

"मावशी, तुम्ही रोज बसला हात करता. म्हटलं, एकदा भेटून यावं."

"मी? बसला?" त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे पाहिले. "बसला कशाला हात करू बाबा? तुमची बस आली की त्यो हारन वाजीवतो. त्या बाभळीवर भोरड्या बसलेल्या असत्यात, त्या सगळ्या उठत्यात आन् माझ्याच रानात पडत्यात. म्हणून बस दिसली की मी आधीच हुबी ऱ्हाती."

आणि त्यांनी कंबरेची गोफण सोडून दाखवली. सुताची विणलेली, मधे खडा ठेवायला तळहाताएवढी जाळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फास. फास मधल्या बोटात, दुसरे टोक अंगठ्याखाली, डोक्यावरून दोन वेढे आणि तिसऱ्याला टोक सोडायचे. खडा सुटताना चाबकासारखा आवाज झाला आणि पलीकडच्या कोपऱ्यातून पाखरांची एक चादर उठली, हवेत दुमडली, उलगडली आणि पुढच्या शेतावर जाऊन पडली. भोरड्या म्हणजे गुलाबी मैना. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून दर वर्षी हिवाळ्यासाठी येतात आणि आमच्याकडच्या ज्वारीत त्यांचे थवे पाहायला हौशी लोक लांबून कॅमेरे घेऊन येतात. मावशींना त्या पाहुण्यांचे कौतुक नव्हते. "चिमणी दाना टिपून जाती. ह्या कणीस मोकळं करून जात्यात," एवढेच म्हणाल्या. पुढच्या शेताचा मालक काय करील, असे मी विचारले. "त्याची गोफण हाय की त्याच्याकडं."

माझ्या फोटोत काय झाले होते, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. शटर एवढे वेगवान होते, की फिरणारा हात थिजून नुसता वर केलेला हात झाला आणि गोफणीचे सूत शंभर पावलांवरून रवाळ चित्रात उमटलेच नाही. सेकंदाचा साठावा भाग ठेवला असता, तर हाताजवळ एक पुसट फराटा आला असता, फोटो बिघडला म्हणून मी तो टाकून दिला असता आणि तोच खरा असता. मी मोबाइल काढून तो फोटो त्यांना दाखवला. त्यांनी पडदा उन्हातून सावलीत धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ह्यात पाखरं कुठं हायत?"

आम्हीही रोज हात हलवत होतो, हे मी सांगितले. तेही त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांचे ध्यान बसच्या वर, बाभळींच्या शेंड्यांकडे असायचे. मुलाची चौकशी केली, तर मुलगा घरीच होता, रात्री विजेची पाळी आल्यामुळे ऊस भिजवून आता झोपला होता. दोन सुना होत्या, नातवंडे होती, आणि माळ्यावर बसायचे काम त्यांनी हट्टाने मागून घेतले होते, कारण घरात फार गलका असतो. मी गोफण मागितली. माझा पहिला खडा पाठीमागे गेला, दुसरा पायाशी पडला आणि तिसऱ्या खेपेला त्यांनी काही न बोलता गोफण परत घेतली. जाताना चार हिरवी कणसे मोडून, तळहातांवर चोळून, फुंकर मारून त्यांनी मूठभर दाणे दिले. आगटीत भाजलेला हुरडा मी दर वर्षी खातो. न भाजलेला, थंड, दुधाळ दाणा पहिल्यांदाच खाल्ला.

सोमवारी सातच्या गाडीला तेच चालक होते. वैरागला चहासाठी थांबलो, तेव्हा मी विचारले, "मामा, त्या बाभळींच्या वळणावर रोज हॉर्न का देता?"

"वळण आहे म्हणून," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून थोडे लाजल्यासारखे हसले. "पण खरं सांगायचं तर त्या माळ्यावरच्या मावशींसाठी. रोज एवढ्या लांबून हात करत्यात. आपण काहीच उत्तर द्यायचं नाही, ते बरं दिसतं का?"

मी त्यांना सगळे सांगितले. ते ऐकून घेत होते, मध्येच हसत होते, पण शेवटी त्यांचे तोंड मला जरा उतरल्यासारखे वाटले. कोण कोणामुळे काय करत होते, याची ती गोल माळ मी उगाच तोडली, असेही क्षणभर मनात आले.

दुसऱ्या दिवशी वळण आले आणि त्यांनी हॉर्न दिला नाही. बस नुसती घरघरत वळली. बाभळींवरची पाखरे जागची हलली नाहीत, काळ्या ठिपक्यांसारखी बसून राहिली. मावशी माळ्यावर उभ्या होत्या. गोफण हातातून खाली लोंबत होती आणि त्या बाभळींच्या शेंड्यांकडे नव्हे, बसकडे पाहत होत्या. मी खिडकीतून हात वर केला. त्यांनी केला की नाही, हे दिसायच्या आत पुढची बाभूळ आडवी आली.